आपापले दोन चमचे

शुक्रवार, ता. १४
दुपार, जेवणाच्या टेबलावरून

प्रिय मेट्रनबाई,

तुझी प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. तुझ्या धाकट्या बहिणीला माझे आशीर्वाद सांग. तिच्या यजमानांना नमस्कार. ते आलेलं प्रत्येक पाकीट उजेडात धरून बघतात, म्हणून हे जाड कागदावर लिहितोय.

तू फोन घेत नाहीस. तिसऱ्यांदा केला तेव्हाही धाकटी हेच म्हणाली, "ताई आंघोळीला गेलीय." दिवसातून तीनदा आंघोळ करणारी बाई मी चाळीस वर्षांत पाहिलेली नाही. तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र आंघोळीला गेलेल्या माणसाचीही वाट बघत पडून राहतं.

इकडची हालहवाल अशी. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर मी बदलला. टेबलफॅन पुन्हा कुरकुरायला लागलाय. उकाडा तर असा की भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, आणि त्यात रोज दुपारी वीज जाते. गॅलरीतल्या तुझ्या कुंड्यांपैकी दोन गेल्या, बाकीच्या तग धरून आहेत. समोरच्या टॅक्सीवाल्याने गाडीला नवा रंग दिलाय, पोपटी. तो रंग बघवत नाही, पण त्याच्याबद्दल यापुढे मी एक वाकडा शब्द बोलणार नाही. का, ते पुढे येईल.

मी मुद्द्यावर येत नाहीये, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. वसतिगृहात उशिरा येणाऱ्या मुली दारात उभ्या राहून हवापाण्याच्या गप्पा सुरू करायच्या, तेव्हा तू म्हणायचीस, "आधी काय झालं ते सांग." तेच तू मला आता म्हणत असशील.

तर आधी हे वाच. साहेब सुखरूप आहेत. दूध पितात, रडतात, काल नर्सच्या अंगावर शू केली. हे पुन्हा एकदा वाच आणि मगच पुढे जा.

सोमवारी दुपारी आपल्या नातीला फिट आली.

ती खूप वेळ झोपली होती. तिला घरी आणलं त्या दिवशी ती रडली की आपण चौघंही ताडकन उभे राहायचो, म्हणून मी तिचं नाव साहेब ठेवलं. तर हल्ली तीन-चार दिवस साहेब ओरडतच नव्हत्या. प्यायला उठवावं लागायचं, आणि प्यायल्या तरी दोन घोटांत डोळे मिटायच्या. आम्ही सगळे खूश. मुलगा म्हणाला, गुणी आहे. गाल भरलेले दिसायचे, म्हणून मी म्हणालो, अंगाला लागतंय. हात लावला तर गार लागायची. एवढ्या उकाड्यात पोर गार आहे म्हणून मला केवढं बरं वाटलं होतं! मेट्रनबाई, यातली एकेक गोष्ट धोक्याची होती आणि आम्ही एकेकीचं कौतुक करत बसलो होतो.

मी पाळण्याशेजारी लंगोटांच्या घड्या घालत होतो. तिचा डावा हात हलला. मला वाटलं, स्वप्नात असेल. मग तो हलतच राहिला, एका लयीत, थांबेचना. डोळे उघडे होते आणि एकाच कोपऱ्यात लागले होते. ओठ चोखल्यासारखे करत होती. मी "साहेब, साहेब" म्हणून हाका मारतोय आणि ती तिथे नाहीच. सूनबाई न्हाणीघरातून तशीच ओल्या केसांनी धावत आली. मी काय करत होतो विचारशील, तर काही नाही. हातातला लंगोट घट्ट धरून उभा होतो. त्या टॅक्सीवाल्याने जिन्यातून आरडाओरडा ऐकला आणि जेवणावरून उठून, उष्ट्या हाताने गाडी काढली.

दवाखान्यात सुई टोचून फिट थांबवली. मुलगाही औषधाच्या दुकानातून तसाच पळत आला, गळ्यात दुकानाचा बिल्ला लटकलेला. मुलांची डॉक्टर तरुण आहे, आपल्या सूनबाईएवढी. चष्मा डोक्यावर सरकवून ठेवते आणि मग टेबलावर शोधते. तिने पहिल्यांदा हेच विचारलं, "आईच्या दुधाशिवाय बाळाच्या पोटात काही गेलंय? पाणी, साखरपाणी, कसलं औषध, काहीही?"

मुलगा म्हणाला, नाही. सूनबाई म्हणाली, नाही. मीही म्हणालो, नाही. चांगल्या खणखणीत आवाजात. पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला असताना वरच्या साहेब लोकांना 'दाब बरोबर आहे' म्हणून सांगायचो, त्याच आवाजात.

पाणी घ्यायला उठलो होतो, आता पुन्हा लिहायला बसलो.

रक्ताची तपासणी झाली. डॉक्टर कागद घेऊन आली आणि म्हणाली, "हिच्या रक्तातलं मीठ फार खाली उतरलंय. त्यामुळेच फिट आली. एवढ्या लहान मुलांत हे बहुतेक वेळा पाणी पाजल्याने होतं. मी पुन्हा विचारते."

आता जे लिहितोय ते लिहायचं नाही असं ठरवून मी पत्राला बसलो होतो. आपला मुलगा म्हणाला, "माझी आई पाजायची. कितीदा सांगितलं, तिने ऐकलं नाही."

मी तिथेच होतो. त्याच्या खांद्याला माझा खांदा लागलेला होता. मी मूग गिळून उभा राहिलो. सूनबाईनेही मान खाली घातली. तू इथे नव्हतीस म्हणून आम्ही तिघांनी मिळून तुझ्यावर ढकललं. एकाने बोलून आणि दोघांनी गप्प बसून.

डॉक्टरने विचारलं, "त्या कुठे आहेत?"

"मावशीकडे," मुलगा म्हणाला. "पंधरा दिवस झाले."

"मग त्यांचा यात काय संबंध? हे गेल्या तीन-चार दिवसांतलं आहे." तिने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कुणीच पाजलं नसेल, तर मला दुसरीकडे शोधावं लागेल. मेंदूपर्यंत जंतू गेलेले असू शकतात. त्यासाठी पाठीच्या मणक्यात सुई घालून तिथलं पाणी तपासायला घ्यावं लागतं. मी तयारी करायला सांगते. तुम्ही सही करा."

नर्स ट्रे घेऊन आली. दुसऱ्या नर्सने साहेबांना कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घेतले आणि पाठ उघडी केली. ती पाठ माझ्या तळहाताएवढीसुद्धा नाही गं. मुलाने पेन उघडलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा. मी पाजलंय."

होय, मी. ज्या भांडणावरून तू बॅग भरून गेलीस, त्या भांडणात मी सूनबाईची बाजू घेतली होती. 'प्रसूतिगृहातल्या नर्सने सांगितलंय, सहा महिने थेंबही नाही, म्हणजे नाही,' असं तुला वर बोट करून सांगणारा मीच. आणि तू गेल्यावर चार दिवसांनी वाटी-चमचा घेऊन बसणारासुद्धा मीच. साहेबांना उचकी लागली होती. वीज गेलेली, ओठ कोरडे दिसत होते, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी अख्खी नोकरी शहराला पाणी देण्यात घालवली. भर उन्हाळ्यात लोक टाकीवर मोर्चा घेऊन यायचे तेव्हाही मी कुणाला पाणी नाही म्हणालो नाही. मग आपल्याच घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला कसं म्हणू?

मी मनाची समजूतही छान घातली होती. म्हटलं, नर्स सांगते ते ज्यांच्याकडे गढूळ पाणी येतं त्यांच्यासाठी. मी पाणी दोनदा उकळलं, गाळलं, गार केलं, निवळू देऊन वरचंच घेतलं. पंपावरची ती पाणी तपासायची बाटली अजून कपाटात आहे, तीसुद्धा लावून पाहिली. एवढं निर्मळ पाणी या शहरात कुणी प्यायलं नसेल. पहिल्या दिवशी दोन चमचे. मग चमच्याने सांडतं म्हणून बाटली आणली. ती बाटली मी माझ्या बुटांच्या खोक्यात ठेवायचो. या वयात मी दुधाची बाटली लपवत होतो, मेट्रनबाई.

हे सगळं मी डॉक्टरला सांगत असताना मुलगा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं आता आग पाखडेल. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही पण?"

तो 'पण' कळायला मला जरा वेळ लागला.

तो रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर तिला गॅलरीत न्यायचा, आठवतं ना, वारा खायला? खिशातून छोटी बाटली आणायचा, ग्लुकोजचं पाणी. त्याचं म्हणणं, हे पाणी नव्हेच, ही ताकद आहे, गिऱ्हाइकं नेतातच की. रोज औषधं देणारा माणूस! पुडीवर काय लिहिलंय ते दुसऱ्यांना वाचून दाखवतो, स्वतः वाचत नाही.

आम्ही बापलेक एकमेकांकडे बघतोय तोवर मागे काहीतरी वाजलं. सूनबाई भिंतीला टेकून खाली बसली होती, दवाखान्याच्या फरशीवर. म्हणाली, "मीही."

तुझ्या हातातली वाटी अडवणारी ती! दातांच्या दवाखान्यात काम करते, हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पोरीला घेऊ देत नाही, ती! तिला वाटत होतं, दूध कमी पडतंय. दर तासाला साहेब मागायच्या आणि तिला रिकामं वाटायचं. म्हणून मधल्या वेळेला ती पाणी द्यायची, पोरीचं पोट शांत राहावं आणि तेवढ्यात दूध साठावं म्हणून. कुणाला विचारलं नाही. विचारणार कुणाला? तू गेल्यापासून आमच्या घरात पाणी हा शब्द काढायचीच चोरी झाली होती. जेवताना मी नुसतं तांब्याकडे बोट दाखवायचो.

डॉक्टरने सुईचा ट्रे बाजूला ठेवायला लावला, लगेच परत नेऊ दिला नाही. आम्हाला एकेकाला विचारलं, किती पाजायचात? तिघांचंही उत्तर एकच, "दोन-चार चमचे." मग तिने नर्सला एक फुलपात्र आणि पाण्याचा जग आणायला सांगितला. म्हणाली, "काल दिवसभरात जेवढं पाजलं तेवढं यात ओता. खरं खरं ओता." आधी मी ओतलं. मग मुलाने. मग सूनबाई फरशीवरून उठली आणि तिने जग घेतला.

फुलपात्र भरलं आणि वरचं टेबलावर सांडलं.

इतकी वर्षं मी पाणी मोजलं, टाक्यांनी मोजलं, आणि हे एवढंसं माझ्या नजरेतून सुटलं. कारण मी फक्त माझंच मोजत होतो. डॉक्टर म्हणाली, "ही चार किलोची आहे. तुमच्यासारख्या माणसाने दिवसात एक लहान बादली रिकामी करण्यासारखं आहे हे."

तरीही माझी खोड जाईना. मी म्हणालो, "पण पाणी शुद्ध होतं हो. मी स्वतः..."

"आजोबा, शुद्ध असण्याचा प्रश्नच नाही." ती रागावली नव्हती, तेच मला जास्त लागलं. "अमृतासारखं असलं तरी नको. हिची मूत्रपिंडं अजून कच्ची आहेत, जादा पाणी बाहेर टाकता येत नाही त्यांना. ते रक्तात उतरतं, मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. शिवाय पोट पाण्याने भरलं की दूध कमी जातं. दुधात तिला लागतं तेवढं पाणी असतंच. उकाडा वाढला तर जास्त वेळा पाजायचं, पण दूधच." मग सूनबाईकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही जेवढं कमी पाजाल तेवढं दूध कमी येईल. ती मागते म्हणूनच ते येतं. वाट बघून साठत नाही ते."

मुलगा म्हणाला, आम्हाला तर लहानपणी पाजायचे, आम्हाला काही झालं नाही. ती म्हणाली, "ज्यांना झालं ते इथे येऊन असं बोलत नाहीत." मला आपल्या वाडीतल्या त्या शिंपिणीचं पोर आठवलं, उन्हाळ्यात झोपेतच गेलं ते. तेव्हा आपण सगळे म्हणालो, नशीब. ते कशाने गेलं, मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही. पण सोमवारपासून ते पोर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

सलाइन लावलं, अगदी सावकाश, कारण मीठ एकदम चढवलं तरी अपाय होतो म्हणे. सुई मणक्यात घालावी लागली नाही. फिट पुन्हा आली नाही. परवा साहेबांनी डोळे उघडून सरळ माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. तिचा आवाज ऐकून आम्ही तिघंही उभे राहिलो आणि मग एकमेकांकडे बघायची लाज वाटून तिघंही तीन दिशांना वळलो.

शनिवार, दवाखान्याच्या बाकावरून

कालचं पत्र पाकिटात घातलं होतं, ते पुन्हा काढलंय. धाकटीच्या यजमानांना सांग, कड मीच फाडली आहे.

उद्या साहेबांना घरी सोडणार आहेत. डॉक्टर म्हणाली, मेंदूवर बहुतेक काही परिणाम राहणार नाही, पण दर महिन्याला आणून दाखवा, मान धरते का, हसते का, हात पुढे करते का ते बघत राहू. मी म्हणालो, बहुतेक म्हणजे? ती म्हणाली, बहुतेक म्हणजे बहुतेक. त्या एका शब्दावर आता आम्हाला महिनेच्या महिने काढायचे आहेत. हसली की जीव भांड्यात पडेल, आणि हसायला चार दिवस उशीर झाला की आम्ही तिघं मनातल्या मनात आपापली बाटली आठवत बसू.

घरात सध्या काय चाललंय तेही सांगतो. कुणी कुणाला दोष देत नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी पाळण्याची झोळी शिवायला घेतली, तर मुलगा उगाचच दारात येऊन उभा राहिला. तो गॅलरीत गेला की मी त्याच्या खिशांकडे बघतो. सूनबाई आमच्या दोघांकडेही बघते आणि स्वतःच्या हातांकडेही. पोर अजून घरी यायचं आहे आणि आम्ही एकमेकांवर पहारा बसवून मोकळे झालो आहोत.

मला वाटत होतं, ती माहेरी जायचं म्हणेल. मी तयारीही ठेवली होती, अडवायचं नाही म्हणून. आज सकाळी साहेबांना पाजून झाल्यावर ती बाहेर आली आणि या बाकावर माझ्याशेजारी बसली. बराच वेळ पदराचा काठ दुमडत होती. मग म्हणाली, "बाबा, आईंना बोलवा."

मी म्हणालो, "अगं, पण तिला तर पाजायचंच होतं. तिच्याशीच तर वाजलं तुझं."

"हो. त्यांना पाजायचं होतं, म्हणून त्यांनी माझ्यासमोर वाटी आणली. मी नको म्हटलं, तर भांडल्या, नाही नाही ते बोलल्या. पण वाटी खाली ठेवली आणि निघून गेल्या. मागे फिरून एक थेंब दिला नाही." ती रडत नव्हती, आवाज कोरडा होता. "तुम्ही चोरून दिलंत. ह्यांनी चोरून दिलं. मी तिची आई असून चोरून दिलं. मला उद्या पोरीला घरी न्यायचंय, आणि माझ्यासकट त्या घरात एकही माणूस असा नाही की ज्याच्याजवळ तिला ठेवून मी आंघोळीला जाईन."

ती उठून आत गेली.

म्हणून लिहितोय. तू चुकली होतीस, हे मी लपवणार नाही. तुझ्या त्या वाटीतलं पाणीही तिला नकोच होतं, आणि 'आमची मुलं काय मेली का' हे तुझं वाक्यही चुकीचंच होतं. पण आम्ही ज्या दिवशी तुझं नाव पुढे केलं, त्या दिवशी घरात खोटं न बोललेली तू एकटीच होतीस, आणि तू तर घरात नव्हतीसच.

ये. मुलगा तुझी माफी मागणार आहे, त्याला जमत नाही म्हणून तो तुझी खोली झाडत बसलाय. मनात अजूनही 'दोन चमच्यांनी काय होतंय' असं असेल, तर ते भांडण घेऊनच ये, आणि सूनबाईच्या तोंडावर कर. ती ऐकून घेईल. मोठ्याने भांडणारं माणूस तिला हवंय.

हे पत्र टॅक्सीवाल्याबरोबर पाठवतोय. त्याने पैशाचं नाव काढू दिलं नाही. तो खाली गाडीत थांबेल, तुला वाटेल तेवढा वेळ. गाडी रिकामी परत आली तरी मी तुला बोल लावणार नाही, तेवढा हक्क मी सोमवारी गमावला.

डॉक्टरने विचारल्यावर आधी 'नाही' म्हणालेला आणि तुझं नाव निघाल्यावर गप्प राहिलेला,

तुझाच,
साहेबांचा आजोबा